पाच पुढं, दोन डावीकडं

शिकून पुढं आलेल्या माणसानं आपली हकिगत लिहायला घेतली की तीत एखादा देवमाणूस शिक्षक यावा लागतो. तो पोराच्या डोक्यावर हात ठेवतो, फी भरतो, आणि शेवटच्या पानावर लेखक त्याचे पाय धरतो. माझ्या हकिगतीत असा कोणी नाही. मला गणिताचे जे सर भेटले ते हुशार होते, वेळेवर वर्गात येत, अक्षर मोत्यासारखं काढत, आणि मी सायन्सला राहू नये असं त्यांना मनापासून वाटे. मीही तितक्याच मनापासून राहिले. घराण्यातली पहिली पदवीधर मी, आणि त्या पदवीचं पहिलं भांडण अकरावीच्या वर्गात, दोन रेषांवरून झालं.

तेव्हा मी कुपवाडला मावशीकडं राहायची. आटपाडीकडची आमची वस्ती दिवाळी सरली की रिकामी होई. आईवडील, चुलते, सगळे मेंढरं घेऊन नदीकाठच्या मुलखाकडं उतरत ते पाऊस तोंडावर आला की परत येत. मी दहावीपर्यंतची वर्षं वसतिगृहात काढली आणि पास झाल्यावर मावशीनं ट्रंकेसकट मला उचलून आणलं. तिच्या दोन खोल्यांच्या भिंतीला भिंत लावून एक वर्कशॉप होतं. तिथला पत्रा कापायचा प्रेस सकाळी सुरू झाला की दर धपक्याला फळीवरच्या ताटल्या थरथरत. पहिले चार दिवस मला वाटलं, आता काही अभ्यास होत नाही. मग त्याचीच सवय झाली, इतकी की जेवणाच्या सुट्टीत प्रेस थांबला की मी दचकून वर बघायची. मावशी बिस्किटांच्या कारखान्यात पाकिटं भरायला जाई. घरी आली की तिच्या पातळाला गोड एसेन्सचा वास येई, आणि तो अंगावर घेऊनच ती चुलीपुढं बसून ज्वारीच्या भाकरी थापे, तव्यात मिरच्यांचा खर्डा रगडे. गोड वासात तिखट जेवायची ती सवय मला इतकी लागली की अजून बिस्किटाचा पुडा फोडला की जिभेला खर्डा आठवतो.

कॉलेजात नाव घालायला गेले तेव्हा खिडकीतल्या कारकुनानं माझा दाखला बघितला, मग मला बघितलं, आणि म्हणाला, "आर्ट्सची खिडकी पलीकडं आहे." मी म्हटलं, "मला सायन्स पाहिजे." "झेपणार आहे का?" "मार्क बघा की." त्यानं मार्क बघितले आणि शिक्का मारला. त्या खिडकीपाशी मावशी लय खूश झाली. बाहेर आल्यावर म्हणाली, "बरं तोंड हाय गं तुझं. आता त्या तोंडाला जागून शिक."

अकरावीत गणित इंग्रजीतून. शब्द पाठ करून मी सांभाळून घेई. रेषेचा स्लोप म्हणजे दहावीत शिकलेला चढ, एवढं मला लगेच कळलं. सरांनी सांगितलं, समांतर रेषांचे चढ सारखे असतात, आणि लंब रेषांच्या चढांचा गुणाकार उणे एक येतो. म्हणजे एका रेषेचा चढ दोन पंचमांश असेल तर तिच्याशी काटकोन करणारीचा उणे पाच द्वितीयांश. वर्गानं लिहून घेतलं, मीही घेतलं. पण तो उणे मला घशाखाली उतरेना. आमच्या वस्तीमागं टेकडी आहे. सकाळी मेंढरं वर घालायची तेव्हा तो चढ असतो, संध्याकाळी परत आणायची तेव्हा तोच उतार. टेकडी तीच. मग उणे कोणाच्या हिशेबानं म्हणायचा, जाणाऱ्याच्या की येणाऱ्याच्या? मला वाटलं, हे ज्याच्या त्याच्या चालण्यावर आहे, टेकडीचा त्यात काही संबंध नाही. चाचणीत मी अंश आणि छेद उलटे केले, उणे सोडून दिला आणि पाच द्वितीयांश लिहून मोकळी झाले.

पेपर वाटायच्या दिवशी सरांनी माझं उत्तर फळ्यावर काढलं. "ही मूळची रेष. आणि ही आमच्या बाईंची लंब रेष." दोन्ही रेषा उजवीकडं वर चढत गेल्या होत्या, एक अंमळ झोपलेली, दुसरी उभट. "काय दिसतंय?" मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "कात्री, सर!" सर म्हणाले, "कात्री. अगदी बरोबर. मेंढरं भादरायला उपयोगी पडेल." वर्ग हसला. मुलीसुद्धा हसल्या. मला रडू यायला पाहिजे होतं असं आता लिहिणं सोपं आहे, पण मला राग आला होता. मी उभी राहिले आणि विचारलं, "सर, चढ उणे कसा असतो? जाताना जो चढ असतो तोच येताना उतार असतो की."

"इथं कोणी जात नाही आणि कोणी येत नाही," सर म्हणाले. "ती रेष आहे. पायवाट नाही."

तास संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. आवाज चढवला नाही, हे सांगायला पाहिजे. "हे बघ, डिसेंबरपर्यंत शाखा बदलून मिळते. आर्ट्सला जा, डी.एड. कर, तुमच्याकडं बाईमाणसाला शोभेल असं काम आहे. तुझ्या भल्याचं सांगतोय. नाही पटत? मग सोमवारी फळ्यावर ये. मी एक रेष देईन. तिला एक समांतर काढायची, एक लंब काढायची, आणि का ते सांगायचं. पाठ केलेलं चालणार नाही. नाही जमलं तर शाखाबदलाचा अर्ज मी स्वतः प्राचार्यांकडं नेतो."

"आणि जमलं तर?"

"आधी जमू दे."

आयुष्यात पुढं मला माझ्या भल्याचं सांगणारी पुष्कळ माणसं भेटली. बदलीच्या वेळी भेटली, लग्नाच्या वेळी भेटली, साताऱ्यात घर बांधायला काढलं तेव्हा तर रांग लागली. एक गोष्ट मी बघून ठेवली आहे. भल्याचं सांगणारा माणूस कधी असं म्हणत नाही की तू पुढं जा. तो नेहमी थांब म्हणतो.

मावशीला सगळं सांगितलं. ती परातीत पीठ मळत होती. "म्हंजी एक रेघ तिरकी आली म्हणून तुला काढत्यात?" "तसंच." "मग नीट काढ की रेघ." "नीट कशी ते कळत न्हाई, मावशी." तिनं हात थांबवला. "आर्टात काय वंगाळ हाय? भूगोल असतोय, सोपा असतोय." मी गणिताची वही उघडून बसले. थोड्या वेळानं ती पिठाकडं बघतच म्हणाली, "जाऊ नको. आता जर का तू त्या खिडकीकडं गेलीस, तर त्यो शिक्का मारणारा वाट बघत बसला आसंल."

रविवारी मी आईवडिलांना भेटायला गेले. त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकटचा मुक्काम, तेव्हा सांगलीजवळच एका जैन शेतकऱ्याच्या रानात होता. त्यांना सगळे अण्णा म्हणत. सोयाबीन निघालं होतं, रान नांगरून टाकलं होतं, आणि गहू पेरायच्या आधी अण्णांना ते खतवून पाहिजे होतं. शेतकरी मेंढरं रानात बसवून घेतात ती लेंडीखतासाठी. रात्री कळप वाघरीत कोंडायचा. वाघर म्हणजे दोऱ्यांची जाळी, मेखांना बांधून चौकोन करायचा. दुसऱ्या दिवशी तोच चौकोन आदल्या चौकोनाला चिकटून पुढं सरकवायचा. असं करत सगळं रान भरून काढायचं, मध्ये फट राहता कामा नये आणि एकाच जागी दोनदा बसता कामा नये.

मी पोचले तेव्हा आई तीन दगडांवर हुलग्याचं माडगं ढवळत होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "वाळलीस." तिचं दर वेळचं पहिलं वाक्य हेच. मी वाटीभर माडगं पिऊन होईपर्यंत उन्हं कलायला लागली आणि आबा, म्हणजे माझे वडील, वाघर खांद्यावर टाकून उठले. त्यांच्याबरोबर धाकटा चुलता, बिरूतात्या. बांधावर अण्णा पांढरी टोपी सरळ करत उभे होते.

"तात्या," अण्णा म्हणाले, "औंदा कोपरा नीट वळवा बाबा. गेल्या वर्साचा गहू विसरलो न्हाई मी."

"आवं अण्णा, झाली एकदा चूक. किती दिस काढणार?"

"एकदा? चार महिने बघत हुतो की मी ती. सगळा गहू काळाभोर, आणि मधी आपली ही पिवळी पाचर. लोक रस्त्यावरनं इचारायचे, अण्णा, हितं काय केलंय? म्हटलं, ही आमच्या बिरूतात्याची शेंडी."

आबा हसले. तात्या तंबाखू मळत पुटपुटला, "बोलत हुतो कुणासंगं तरी. चुकलं पाऊल."

अण्णांच्या रानाचा बांध नांगराच्या तासांना, म्हणजे नांगरानं पडलेल्या रेघांना, तिरका होता. वाघर बांधाला धरून लावायची, म्हणून तासाला सरळ धरून चालत जाण्यात अर्थ नव्हता. आबा मेख घेऊन कोपऱ्यावर उभे राहिले आणि तात्या चालायला लागला. तासाला धरून पाच पावलं पुढं, मग दोन पावलं डावीकडं. तिथं खूण. पुन्हा पाच पुढं, दोन डावीकडं. खुणांची ओळ बांधाला समांतर गेली. चौकोनाची एक बाजू झाली. मग कोपरा आला. तात्यानं तोंड न वळवता, तासाकडंच बघत, पाच पावलं डावीकडं टाकली आणि दोन पावलं मागं आला.

मागं.

मी वाटी खाली ठेवली. "तात्या, मागं का आलास?"

"मागं न्हाई तर काय पुढं जाऊ? पुढं गेलो हुतो गेल्या वर्सी. त्याचीच शेंडी झाली."

गेल्या वर्षी तो कोपऱ्यावर पाच डावीकडं आणि दोन पुढं गेला होता, त्यामुळं चौकोन तिरका बसला आणि मध्ये बिनखताची फट राहिली. म्हणजे दोन पुढं, पाच डावीकडं. कागदावर पुढं म्हणजे उजवीकडं आणि डावीकडं म्हणजे वर, तेव्हा चढ पाच द्वितीयांश. चाचणीत मी लिहिलेलं तेच उत्तर. सरांनी फळ्यावर काढून वर्गाला हसवली ती माझी चूक या रानात चार महिने पिवळी होऊन उभी राहिली होती! मी तात्याच्या हातातली काठी ओढून घेतली आणि ढेकळं बाजूला सारून मातीत काढायला लागले. पाच पुढं, दोन डावीकडं. कोपऱ्यावर वळलं की जे पुढं होतं ते डावीकडं होतं आणि जे डावीकडं होतं ते मागं होतं. दोन्हीतलं एकच उलट्या दिशेला जातं. उणे तो हाच. मी तिसरी बाजू काढली. पाच मागं, दोन उजवीकडं. दोन्ही उलटे! उणे दोन भागिले उणे पाच, म्हणजे पुन्हा दोन पंचमांश, पहिल्या बाजूचाच चढ. समोरासमोरच्या बाजू समांतर. माझी टेकडीही तिथंच सुटली. येताना उतार लागतो खरा, पण येताना चालही उलटी असते. दोन्ही उणे, भागाकार तोच. टेकडीचा चढ जाणाऱ्याला एक आणि येणाऱ्याला दुसरा, असं नसतंच. चढ उणे होतो तो दोघांतलं एकच उलटलं तर. कागदावर सगळे डावीकडून उजवीकडं चालतात, हे वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून ते मला कोणी सांगितलं नव्हतं.

"आबा, हे असं का करायचं तुमाला कुणी शिकवलं?"

"डोकं खाऊ नगंस," आबा म्हणाले. "त्ये टोक धर वाघरीचं."

हे वाचून काहीजणांना लगेच गहिवरून येईल हे मला माहीत आहे. सभेत ही गोष्ट सांगितली की कोणीतरी उठतंच आणि म्हणतं, बघा, आपल्या अडाणी माणसांना किती गणित येत होतं. नव्हतं येत. आबांना चढ म्हणजे टेकडीचा चढ एवढंच ठाऊक होतं. पाच-दोन ते आपल्या बापाचं बघून करत, आणि बांध वेगळ्या तिरकेपणाचा असला की पावलं नव्यानं जुळवायला अर्धा दिवस घालवत. पावलं त्यांची, गणित माझं. ते मी त्या ढेकळांत बसून केलं, आणि त्याचं श्रेय मी परंपरेला देणार नाही. परंपरेनं मला मेंढरांमागंच ठेवलं असतं.

आता साताऱ्यात माझ्या शेजारी एक निवृत्त सुभेदार राहतात. त्यांचा नातू परवा मोबाइल घेऊन आला. दहा सेकंदांत लंब रेषेचा चढ काढायची युक्ती. "उलटा करायचा आणि चिन्ह बदलायचं, आज्जी." मी विचारलं, चिन्ह का बदलायचं? तो म्हणाला, "तसंच असतं." मी त्याला अंगणातल्या फरशांवर चालायला लावलं. पोरगं हुशार आहे, दुसऱ्या कोपऱ्यावरच ओरडलं. सुभेदार गॅलरीतून विचारत होते, "मॅडम, ड्रिल कसली चालू आहे?"

सोमवारी सरांनी मला फळ्यावर बोलावलं. टेबलावर शाखाबदलाचा अर्ज तयार होता, माझं नाव त्यांनीच त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं. त्यांनी दिलेली रेष मुद्दाम वेगळी होती. तीन एक्स अधिक चार वाय बरोबर बारा. ही रेष उजवीकडं खाली उतरते. चढ उणे तीन चतुर्थांश. पाठ केलेला माणूस इथं घसरतो. समांतर रेष मी काढली, चढ तोच ठेवून. मग लंब. "चार पुढं, तीन उजवीकडं, ही मूळची चाल. डावीकडं वळलं की चार डावीकडं, आणि उजवीकडचे तीन पुढं येतात. म्हणून चढ चार तृतीयांश. या वेळी उणे नाही." मी रेषा काढल्या. कोपरा काटकोनात बसला. मागच्या बाकावरून कात्री ऐकू आली नाही.

"ही पद्धत पुस्तकात नाही," सर म्हणाले. "गुणाकार करून दाखव." मी केला. उणे एक. "बरोबर. लंब रेषांचा नेहमी उणे एकच येणार."

"नेहमी, सर?"

"नेहमी."

मी एक्स अक्ष आणि वाय अक्ष काढले. "या दोघी लंब आहेत. आडवीचा चढ शून्य. उभीचा?"

"उभीचा काढता येत नाही. शून्यानं भागता येत नाही, हे दहावीत झालंय."

"मग शून्याला कशानं गुणायचं म्हणजे उणे एक येईल?"

सरांनी पुस्तक उघडून पान काढलं. "तो अपवाद आहे. पुस्तकात खाली बारीक टाइपात दिलाय."

"माझ्या चालीत अपवाद न्हाई, सर. एक पुढं, शून्य डावीकडं. वळलं की एक डावीकडं, शून्य मागं. झाला काटकोन." बोलण्याच्या भरात 'न्हाई' निघून गेलं. कोणीतरी फिसकन हसलं. सर हसले नाहीत. त्यांनी खडू ठेवला, हात झटकले आणि म्हणाले, "उत्तर बरोबर आहे. बस." मग अर्ज माझ्याकडं सरकवला. "तरी विचार कर. वाद घालणाऱ्याला आर्ट्सला जास्त वाव असतो. सही कर, मी आजच नेतो."

मी पेन काढलंच नाही. "सही करणार नाही, सर. जमलं तर काय, ते तुम्ही सांगितलं नव्हतं. मी सांगते. जमलं तर मी इथंच बसणार."

दुसऱ्या दिवशी मी लवकर जाऊन पहिल्या बाकावर बसले. सर आले, हजेरी सुरू केली. माझ्या आधीच्या मुलीचा नंबर झाला. मग माझ्यानंतरच्या मुलाचा. मधला नंबर त्यांनी गाळला होता, जणू मी पलीकडच्या आर्ट्सच्या इमारतीत गेलेच होते. पुढचे दोन-तीन नंबर मी होऊ दिले. मग मी उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "प्रेझेंट, सर."

त्यांनी मान वर केली. "तुझा नंबर मी घेतलेला नाही."

"म्हणून तर उभं राहून सांगितलं."

खाली बसायला सांगितलं असतं तरी मी बसणार नव्हते, आणि ते त्यांनाही दिसत होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, दाराकडं बघितलं, आणि मग पेनचं टोपण काढून, हजेरीत मागं जाऊन, माझ्या नंबरापुढं खूण केली.

"बस आता," ते म्हणाले.

"बसते, सर," मी म्हणाले, "पण कालच्या बारीक टाइपाबद्दल एक शंका राहिली आहे."